सालाची दोन टोकं

वैजापूर तालुक्यातला जुना जमिनीचा कागद उलगडला की आधी उर्दू किंवा मोडी अक्षर लावावं लागतं, आणि मग साल. ‘१३४२ फसली’, बस्स. गोदावरीपलीकडे कोपरगावात इंग्रजांचा अंमल होता. अलीकडे निजामाचा महसूल फसली सनावर चालायचा. मी तारखा बदलून देणारी सॉफ्टवेअर लायब्ररी लिहितो. तिची खरी परीक्षा अशा कागदांवर होते.

एका कालगणनेतून दुसरीत थेट जायचं नाही. आधी दिवसाचा क्रमांक काढायचा. डर्शोविट्झ आणि राइनगोल्ड यांनी १९९०च्या दशकात सगळी कॅलेंडरं याच पद्धतीने बांधून दाखवली. आपल्या ज्योतिषग्रंथांतला अहर्गण तोच: कलियुगाच्या आरंभापासून उलटलेले दिवस. १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्त झाला त्या दिवसाचा अहर्गण १८,४४,३४६. सातने भागला तर बाकी शून्य. गणना शुक्रवारपासून, म्हणून तोही शुक्रवार. शके १८७०, हिजरी १३६७, फसली १३५७ ही सगळी सालं त्या एका आकड्यावरून निघतात.

हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आझूर महिन्याने उघडायचं. इसवी सन काढायला सालात ५९० मिळवायचे, हा ठोकताळा अर्ध्याच वाटेपर्यंत नेतो. १३४२ फसलीचा आझूर १९३२ मधला, पण त्याच सालातली मृगाची पेरणी १९३३ मधली. म्हणून नुसतं साल दिलं तर माझं फंक्शन एक तारीख देत नाही. ऑक्टोबर १९३२ ते ऑक्टोबर १९३३ अशी दोन टोकं देतं. हिजरी तारखेला ते चंद्रदर्शनासाठी एका दिवसाची सूट ठेवतं. तिथीसाठी गाव विचारतं, कारण तिथी सूर्योदयावर ठरते आणि वैजापूरला सूर्य नागपूरपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा उगवतो.

२०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं पुन्हा उघडली. नोंदीतला माणूस आजोबा की पणजोबा, हे ठरवताना साल महत्त्वाचं असतं. तिथे अंदाजाने ‘१ जानेवारी १९३२’ भरलं, की पुढचा वाचणारा तेच खरं मानून वंशावळ लावतो. म्हणून संगणकाच्या फॉर्ममध्ये तारखेला एक रकाना पुरत नाही. सुरुवात आणि शेवट असे दोन हवेत, आणि मूळ साल कागदावर आहे तसंच लिहायला तिसरा. तो तिसरा कुणालाही बदलता येऊ नये.