कोपरानं पुसलेली पाटी

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमधली खोली म्हणजे एक खाट, एक खिडकी आणि दारामागच्या खुंट्या. इथं राहणारा माणूस सामान आपोआप कमी करत जातो. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते खालच्या मजल्यावर दिसावं, असा एक छोटासा प्रपंच मी मांडलाय, आणि त्यासाठी रिची स्ट्रीटवरून आणलेली चिपही खोलीच्याच मापाची आहे. अ‍ॅटमेगा-८: फ्लॅश ८ किलोबाइट, रॅम १ किलोबाइट.

भारती सालैवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते आवराआवर करू लागले की मी लॅपटॉप उघडतो. सी भाषेत काय लिहिलं ते मला पाठच असतं. ओढ असते ती कंपायलरनं त्याचं काय केलं ते पाहण्याची. आधी आकार मोजणारं 'साइझ' चालवायचं. तीन आकडे येतात: टेक्स्ट, डेटा, बीएसएस. टेक्स्ट, म्हणजे खुद्द कोड, फ्लॅशमध्ये राहतो; बीएसएस, म्हणजे शून्यापासून सुरू होणारी चलं, फक्त रॅम अडवतो. लबाड तो मधला. डेटाच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये जपायच्या आणि चिप जागी झाली की रॅममध्ये उतरवायच्या, म्हणजे भाडं दोन्हीकडे. पडद्यावर दाखवायचं साधं वाक्यसुद्धा, वेगळं बजावलं नाही तर, इथं असंच दुहेरी जागा खातं. अपूर्णांक छापायची हौस तर फारच महाग. एका दशांशचिन्हासाठी छपाईचं फंक्शन प्रिंटएफ सगळा गोतावळा घेऊन येतो आणि आठातले तीनेक किलोबाइट बळकावतो. पातळी पूर्ण सेंटिमीटरात सांगितली तर कुणाचं काय बिघडतं? एका बाइटात मावते.

मग 'ऑब्जडंप', म्हणजे तयार झालेल्या कोडची यादी. डावीकडे पत्ते, मध्ये अंकाक्षरांच्या जोड्या, उजवीकडे असेंब्ली. 'सी५ ९ए' दिसलं की डोळा सुखावतो: दोन बाइट, एक सूचना, दिवा लागला. वेळ काढण्यासाठी लिहिलेला रिकामा फेरा मात्र शोधूनही सापडत नाही. त्यातून काहीच निपजत नाही हे ओळखून कंपायलर तो परस्पर गाळतो. ठेवायचाच असेल तर 'व्होलटाइल' म्हणून दटावावं लागतं. (नुसतं बसून राहायला इतकी परवानगी काढावी लागते, हे मला जरा ओळखीचं वाटतं.)

सगळ्यात रेंगाळतो मी भागाकारापाशी. पातळीचे अंक सुटे करायचे तर दहानं भागायला हवं, आणि या चिपला भागाकाराची सूचनाच नाही. आटोपशीर कोड मागितला की कंपायलर भागाकाराच्या तयार उपकार्यक्रमाला हाक मारतो. वेग मागितला की यादीत भागाकार कुठंच नसतो. अचानक एक परका आकडा उगवतो, २०५. संख्येला त्यानं गुणायचं, उत्तर अकरा घरं उजवीकडे सरकवायचं, झाला दहानं भागाकार. का, ते कुठंही लिहिलेलं नाही.

याच पेठेत, हनुमंतरायन कोविल स्ट्रीटवर, १९१४ मध्ये केंब्रिजला जाण्यापूर्वी श्रीनिवास रामानुजन राहत होते. कागद परवडत नसे. गणित पाटीवर करायचं, कोपरानं पुसायचं, वहीत उतरायचा तो फक्त निष्कर्ष. त्या वह्यांमधल्या निष्कर्षांच्या सिद्धता मांडताना गणिती ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड झाले, १९८५ ते १९९८. कंपायलरला रामानुजनांच्या पंक्तीला बसवण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण यादी वाचताना हाताला तीच पुसलेली पाटी लागते. कुणीतरी सगळं करून पाहिलंय आणि माझ्यापुढे नुसतं उत्तर ठेवलंय.

तर मी उलट जातो. अकरा घरं सरकवणं म्हणजे २०४८ नं भागणं. २०५ भागिले २०४८ हे एक दशांशाहून किंचित जास्त. फरक १०,२४० त एक. बाइटातली संख्या २५५ च्या पुढे जात नाही, तिथवर हा फरक साठून साठून चाळिसाव्या हिश्श्याच्या आतच राहतो. खरं उत्तर तर पुढच्या पूर्णांकापासून निदान एक दशांश लांब असतं. म्हणजे उंबरठा ओलांडला जाणं शक्यच नाही. २४९ घेतले: गुणाकार ५१,०४५, उत्तर २४. २५० घेतले: बरोब्बर २५.

टाकीतलं पाणी काही मायक्रोसेकंदांत चढत नाही. मी वेगाचा पर्याय काढून पुन्हा आकाराचा लावला आणि यादीतून २०५ नाहीसा झाला. वहीत मात्र तो मांडणीसकट आहे. कागद आता परवडतो.