कॅबिनेट जागेवर ठेवून बदललेली फरशी

मे महिन्यात भर दुपारी स्वयंपाकघरातून मोठा ‘कट्’ असा आवाज आला. जाऊन पाहिलं तर सिंकसमोरच्या दोन टाइल्स एकमेकींना रेटून जोडावर उचलल्या गेल्या होत्या. पायाने दाबलं की खाली जायच्या, पाय काढला की परत वर. किल्लीने ठोकून पाहिलं. ओट्यासमोरच्या बहुतेक टाइल्स पोकळ वाजत होत्या.

बारा वर्षांपूर्वी बिल्डरने बसवलेली ही 2 बाय 2 फुटांची विट्रिफाइड टाइल. दुकानदाराने तुकडा पाहूनच मान हलवली. ते डिझाइन केव्हाच बंद झालं होतं. म्हणजे दोन-चार टाइल्स बदलून भागणार नव्हतं.

मला धास्ती होती ती ट्रॉल्यांची. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट खालच्या कॅबिनेटवरच टेकलेला आहे. पहिल्या मिस्त्रींनी सुचवलं, जुन्यावरच नवी चिकटवू. तोडफोड नाही, धूळ नाही. ऐकायला बरं वाटलं, पण खालचीच टाइल सुटलेली असेल तर वरची कशाच्या जोरावर बसणार? शिवाय फरशी जवळजवळ चार सूत वर आली असती आणि गॅलरीचं दार घासलं असतं. दुसऱ्यांचं म्हणणं, सगळं किचन उचलावं लागेल. ग्रॅनाइट काढताना तडकला तर जबाबदारी आमची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर ओळखीतून जे मिस्त्री आले, त्यांनी आधी काही बोलायच्या ऐवजी खाली बसून कॅबिनेटखालची स्कर्टिंगची पट्टी ओढून काढली. ती नुसत्या क्लिपांवर असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आत टॉर्च मारला. कॅबिनेट प्लॅस्टिकच्या चार इंची पायांवर उभी होती आणि पायांखालची फरशी जुनीच, बहुतेक ठिकाणी घट्ट. “ताई, ही कशाला हलवायची? पायांच्या पुढचीच काढू,” ते म्हणाले. फक्त सिंकखाली जमीन ओली होती. सिंकच्या पाइपचा जोड थेंब थेंब गळत होता आणि प्लायची खालची कड फुगली होती.

म्हणून आधी प्लंबर आला. जोड बदलला आणि स्कर्टिंग उघडी ठेवून जमीन पूर्ण वाळू दिली. ही घाई केली नाही ते फार बरं झालं.

दरम्यान सोसायटीची परवानगी घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना कामाच्या वेळा सांगून आले. गॅस सिलिंडर गॅलरीत गेला. सासूबाईंनी हॉलमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक मांडला. ट्रॉल्या चॅनलवरून ओढून काढल्या, शटरं उतरवली आणि उघड्या कॅबिनेटवर प्लॅस्टिक ताणून कडेने चिकटपट्टी लावली. कटरची धूळ पिठाहून बारीक असते आणि फुप्फुसांना वाईट. मिस्त्रींना मास्क लावायला लावलं. बिगारी कापताना पाणी सोडत होता.

कटरचा आवाज सुरू झाला तेव्हा मी जिन्यात जाऊन उभी राहिले. कॅबिनेटच्या कडेने सरळ रेघ मारून त्यांनी फक्त टाइलच्या जाडीइतकं कापलं. कटर कॅबिनेटच्या खाली जात नाही. आतली दोन इंचांची पट्टी छोट्या छिन्नीने, पायांपासून बाहेरच्या बाजूला हलके ठोके देत काढली. उलटा ठोका पडला तर प्लॅस्टिकचा पाय तुटतो. निघालेल्या टाइल्सच्या पाठीवर सिमेंट फक्त मधोमध होतं. कडा कोऱ्या. ही टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. त्यात दोन टाइल्समध्ये फट अजिबात नव्हती. उन्हाळ्यात फुगायला जागाच नाही.

सिंकखालच्या एका पायाखालची टाइल मात्र सुटलेली होती. तिथे कॅबिनेटला लाकडी ठोकळा आणि पाचर लावून आधार दिला, पाय फिरवून आखूड केला, टाइल काढून नवा तुकडा बसवला. तो पक्का धरल्यावरच पाय परत टेकवला. मिस्त्री सारखे ओट्याच्या आणि भिंतीच्या जोडावर नजर ठेवून होते. कॅबिनेट किंचित जरी खचलं असतं तरी तिथे फट पडली असती.

मग भुसभुशीत थर खरवडून नवा माल भरला. पाणसळीचं एक टोक आत राहिलेल्या जुन्या फरशीवर, दुसरं दारापाशी. नवी फरशी जुन्याच उंचीला आली पाहिजे, नाहीतर स्कर्टिंग परत बसत नाही, सुताराकडून कापून आणावी लागते. टाइल्स आधी कोरड्याच मांडून पाहिल्या. दाराकडे पूर्ण टाइल, कापलेले तुकडे ओट्याच्या बाजूला. कोपऱ्यातल्या पाइपसाठी पुठ्ठा कापून माप घेतलं. साध्या सिमेंटऐवजी टाइलचं अ‍ॅडहेसिव्ह, खाचांच्या करणीने पूर्ण पाठीवर पसरलेलं, आणि मध्ये 2 मिलिमीटरचे स्पेसर. भिंतीकडेही थोडी फट सोडली. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पाय ठेवू दिला नाही. जोड भरायला एपॉक्सी ग्राउट घेतलं. महाग पडतं, पण तेल-हळदीचे डाग धरत नाही. ते टाइलवर वाळायच्या आत पुसावं लागतं, तिथे आम्हीही फडकी घेऊन बसलो.

स्कर्टिंग क्लिपांवरच परत बसवली. खाली सिलिकॉन भरू का, असं मिस्त्रींनी विचारलं. मी नको म्हटलं. पुन्हा कधी पाइप गळला तर पाणी आत कोंडून राहण्यापेक्षा बाहेर दिसलेलं बरं. टाइल्स खरेदी करताना सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना, हे छापलेला नंबर वाचून तपासलं होतं. त्यातला एक बॉक्स, चार टाइल्सचा, जादा घेतला होता. तो माळ्यावर उभा ठेवलाय आणि त्यावर मार्करने ‘किचन, टाकू नये’ असं लिहिलंय.