आधी निदान

नागपूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला नाही, त्याला गार हवेची किंमत कळणे कठीण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. अशाच एका मे महिन्यात माझ्या वृद्ध आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागत होते. तिला ऊन मुळीच सोसत नसे. म्हणून माझी सारी भिस्त मोटारीतील वातानुकूलन यंत्रावर होती; आणि नेमके तेच यंत्र ऐन वेळी रुसले!

चौकात तांबडा दिवा लागून गाडी थांबली, की समोरच्या झरोक्यांतून गरम वारा येऊ लागे. एके दिवशी वाहनांच्या गर्दीत आम्ही अर्धा तास अडकून पडलो. काचा उघडाव्यात तर बाहेर उन्हाच्या झळा, लावाव्यात तर आत भट्टी! आई एका शब्दानेही कुरकुरली नाही. पण तिचे सुकलेले ओठ पाहून माझे काळीज चरकले.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी दुरुस्तीला नेली आणि उतरता उतरताच फर्मावले, "यातला गॅस संपला आहे, नवा भरून द्या." तेथील माणसांनीही काही न तपासता जुना गॅस हवेत सोडून दिला व नवा भरला. मी पैसे मोजले आणि मोठ्या समाधानाने निघालो. पुढच्याच चौकात पुन्हा तोच गरम वारा!

शेवटी एका स्नेह्याने मला एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे पाठवले. मी त्रासून म्हणालो, "मिस्त्री, आता कॉम्प्रेसरच बदलून टाका."

ते हसले. म्हणाले, "साहेब, औषध तुम्हीच सांगणार, मग वैद्य कशाला हवा? आधी एवढे सांगा, गाडी धावत असताना वारा कसा येतो?"

मी विचारात पडलो. इतक्या दिवसांत ही गोष्ट मी ध्यानातच घेतली नव्हती. "धावताना गार येतो, थांबली की गरम," मी आठवून सांगितले.

"मग अर्धे निदान झालेच! घरचा माठ आठवा. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. येथेही नळ्यांतल्या द्रवाची वाफ होते आणि ती गाडीतली उष्णता शोषून घेते. मात्र माठाचे पाणी उडून जाते. ही वाफ आतच राहते. कॉम्प्रेसर तिला दाबतो, पुढच्या जाळीत ती बाहेरच्या हवेने निवते आणि पुन्हा द्रव होते. म्हणून हा गॅस वापरून संपत नाही. कमी झालाच, तर कोठेतरी गळती असते."

"मग दोष कोठे आहे?"

"गाडी धावते तेव्हा त्या जाळीवर वारा आपोआप येतो. थांबल्यावर तेथे वारा कोण घालणार?"

मी वाकून पाहिले. यंत्र चालू असूनही जाळीचा पंखा निश्चल होता! उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. त्यामुळे नळ्यांतला दाब वाढे आणि यंत्र बिघडू नये म्हणून कॉम्प्रेसर आपोआप थांबे.

तरीही मिस्त्रींनी पंखा बदलण्याची घाई केली नाही. इंजिन बंद करून त्यांनी आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग बॅटरीची वीज थेट पंख्याला देऊन पाहिली; तो भर्रकन फिरला. म्हणजे पंखाही निर्दोष! वीज वाटेतच कोठेतरी अडत होती. तार चाचपत जाता जाता त्यांना एक जोड सापडला. त्यावर हिरवट गंज चढला होता. तो घासून, जोड घट्ट बसवून त्यांनी यंत्र सुरू केले. गाडी जागची हलली नव्हती, तरी झरोक्यांतून गार वाऱ्याची झुळूक आली.

मला आनंद झाला, तशी लाजही वाटली. माझ्या उतावळेपणाने चांगला गॅस व्यर्थ गेला होता. पृथ्वीचे तापमान वाढवण्यात हा गॅस तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक समर्थ असतो, हे मला मागाहून कळले. एका गंजलेल्या जोडाची शिक्षा मी निर्दोष गॅसला दिली आणि तीही आईच्या जिवावर!

पुढच्या आठवड्यात त्याच चौकात आम्ही पुन्हा थांबलो. आईला शांत झोप लागली होती. तिच्याकडे पाहताना मनात आले, घरात एखादी वस्तू हरवली, की आपण चटकन कोणाचे तरी नाव घेतो. गणित चुकले, की पुस्तकाला दोष देतो. तेव्हापासून कोणावर दोष ठेवण्यापूर्वी मला मिस्त्रींचा तो साधा प्रश्न आठवतो आणि मी क्षणभर थांबतो.