आत्या, मी पण तेच शिकू का?

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. भाची म्हणजे श्रीवर्धनच्या दादाची मुलगी. यंदा बी. एस्सी. होईल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आत्या, मी पण तू शिकलीस तेच शिकू का? क्लायमेट पॉलिसी?" मी खूश होऊन काही बोलणार तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "फीचं पण सांग तिला."

मग कळलं ते असं. पोरीला इंग्लंडमधल्या दोन ठिकाणांहून प्रवेशाची पत्रं आली आहेत, शिष्यवृत्ती एकीचीही नाही, आणि दादा समुद्राकडची वाडी विकायला निघालाय. गिऱ्हाईकही तयार आहे, त्याला तिथे रिसॉर्ट बांधायचंय. दादाने ठरवलंय म्हणे, पण "आधी तिला विचारा".

म्हणजे मला!

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. फोनवर धड काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. दादा ब्लॉग वाचत नाही, वहिनी वाचते. (वहिनी, हे वाचून लगेच फोन करू नकोस, पूर्ण वाच.)

मी २०१० साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठात गेले, नॉर्विचला. थोडी शिष्यवृत्ती आणि बाकी बँकेचं कर्ज. तिथल्या हवामान संशोधन केंद्राच्या ईमेल चोरीला जाऊन जगभर गदारोळ झाला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चौकश्यांमधून शास्त्रज्ञांनी आकड्यांची लबाडी केल्याचं काही निघालं नाही, पण त्या गोल इमारतीवरून जाताना नवे विद्यार्थी आवाज जरा खाली करायचे. देवळात शिरल्यासारखे.

शिकलो काय? लोकांना वाटतं, ध्रुवीय अस्वलं आणि वितळणारा बर्फ. विज्ञान होतंच, पण खरा भर हिशोबावर आणि भांडणावर. कोणी किती धूर सोडला, कोणी किती थांबवायचा, पैसे कुणी द्यायचे. सगळ्यात लक्षात राहिला तो डिस्काउंट रेट. शंभर वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानीची आज किंमत किती धरायची? निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात दर धरला साधारण १.४ टक्के. विल्यम नॉर्डहाऊस म्हणाले, बाजारात परतावा मिळतो त्याच्या जवळपासचा धरा. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "१.४ ने आजचे पंचवीस रुपये येतात. पाच टक्क्यांनी शहात्तर पैसे. म्हणजे तुझ्या त्या साहेबांचं भांडण पंचवीस रुपये की बारा आणे, एवढंच ना?"

एवढंच. एका आकड्यावर नातवंडांची किंमत ठरते, आणि तो आकडा निसर्गाने ठरवलेला नसतो, माणसांनी ठरवलेला असतो. हे मला तिथे जाऊन कळलं, आणि बाबांना घरबसल्या कळलं :)

एकदा आम्हाला समुद्रकिनारी नेलं होतं. गावाचं स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, 'हेझबरा'. मातीचा उंच कडा, खाली समुद्र, आणि कड्याच्या टोकाशी संपणारा रस्ता. त्या रस्त्यावर एके काळी पुढेही घरं होती. इंग्लंडमध्ये किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याचं धोरण कागदावर लिहिलेलं असतं. आहे ती रेषा राखायची, ठरवून मागे सरकायचं, किंवा काहीच करायचं नाही. इथली रेषा कायम राखत बसायचं नाही असं ठरलेलं, कारण बांधाचा खर्च वाचणाऱ्या घरांच्या किमतीपेक्षा जास्त. वर्गात हे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. कड्यावर उभी राहिले आणि दादाची वाडी आठवली. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा कुठे येतो आणि कुठे येत नाही हे असं लिहून ठेवलेलं नसतं एवढाच फरक.

असो. नोकरीचं सांगते, कारण वहिनीचा प्रश्न तोच आहे.

परत आल्यावर पुण्यात एका सल्लागार कंपनीत लागले. काम कार्बन क्रेडिटचं. क्योटो करारातल्या सोयीनुसार इथल्या पवनचक्कीने वाचवलेला कार्बन युरोपला विकायचा. त्यासाठी सिद्ध करावं लागे की हे पैसे मिळणार नसते तर पवनचक्की उभीच राहिली नसती. आणि मी कागद करायला घ्यायचे तेव्हा काही ठिकाणी पाती गरगर फिरत असायची! २००८ मध्ये वीस युरोंच्या आसपास गेलेला एका टनाचा भाव २०१२ संपताना एका युरोच्याही खाली आला. आमचं अर्धं ऑफिस रिकामं झालं, त्यात मीही. कर्जाचे हप्ते चालूच होते.

पुढे एका संस्थेत गेले, शहरांसाठी उष्णतेचे आराखडे करायला. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या त्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये असा आराखडा केला, देशातला पहिला. इशारा कधी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे ठेवायचं, असलं साधं साधं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं काम. पगार बेताचा, करार अकरा महिन्यांचा. २०२५ च्या सुरुवातीला परदेशातून येणारा निधी एका मेलने थांबला आणि आम्ही नऊ जण घरी बसलो.

आता मी एका कारखानदार कंपनीसाठी आकडे जमवते. सेबीने बाजारमूल्याने वरच्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला, २०२२-२३ पासून. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट वगैरेंवर कार्बनचा कर सुरू झाला. त्यामुळे आज जास्त नोकऱ्या इथे आहेत. काम म्हणजे डिझेलची बिलं, विजेची बिलं आणि एक्सेल. पगार चांगला. जग वाचवतेय असं वाटत नाही, पण हप्ते फिटले.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण आत्या, निसर्ग वादळाच्या वेळी तुझ्या शिक्षणाचा आपल्याला काय उपयोग झाला?"

३ जून २०२०. त्या दुपारी वाडीतल्या १४० पोफळी आणि १६ माड आडवे झाले. आजोबांनी लावलेले. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मदत जाहीर झाली ती हेक्टरी पन्नास हजार. कोकणात हेक्टर कुणाकडे असतो? आमची वाडी बारा गुंठे. म्हणजे जेमतेम सहा हजार, पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाही न पुरणारे. पुढे झाडामागे हिशोब झाला, पोफळीला पन्नास आणि माडाला अडीचशे. त्याने अकरा हजार होतात. माप बदललं तर मदत जवळजवळ दुप्पट झाली, तरी सहा-सात वर्षांनी धरणाऱ्या झाडाला पन्नास रुपये ते पन्नासच.

खरं सांगायचं तर ते माप माझ्यासारख्या कुणी अभ्यास करून बदललं नाही. बागायतदारांनी लावून धरलं म्हणून बदललं. मी तेव्हा पुण्यात उष्णतेच्या आराखड्याचं सादरीकरण सजवत होते. तिला तसंच सांगितलं.

"मग हेक्टर लिहिणाऱ्या माणसाला गुंठा माहीत नव्हता का?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत असेल, पण तो कागद ज्या टेबलावर तयार होतो तिथे वाडीवाला कुणी बसलेला नसतो. "मला तिथे बसायचंय," ती म्हणाली. आता ह्यावर काय बोलणार?

तर वहिनी, माझं मत. पोरीला शिकू दे, पण वाडी विकून नको. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, दिल्लीत टेरीच्या विद्यापीठात हे विषय शिकवतात, तिथे अर्ज करू दे. नाहीतर दोन वर्षं नोकरी करू दे, कसलीही चालेल, पण शेतीशी किंवा गावाशी संबंध असलेली. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतोच, आणि ती मिळाली तर फीचा प्रश्नच नाही. प्रवेशाची पत्रं पुन्हा येतील. वाडी गेली की गेली.

हे तिला आवडलेलं नाही. "तू गेलीस आणि मला थांबायला सांगतेस," म्हणाली आणि फोन ठेवला. बरोबर आहे तिचं. मी चोविसाव्या वर्षी कुणाचं ऐकलं नव्हतं, बाबांचंही नाही.

गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे. दादा म्हणतोय, तूही ये, काय ते समोरासमोर बोलू. सकाळच्या एसटीने निघतेय, ताम्हिणीतून. परत आले की लिहीन.