मुक्काम सिरसाळा, सहली चार

मुलांनो, सुट्टी लागली की घरात एक प्रश्न हमखास निघतो. कुठं जायचं? ताई म्हणते महाबळेश्वर, दादा म्हणतो गोवा, बाबा खिसा चाचपतात आणि शेवटी सगळी वरात आजोळी जाते. आता समजा तुमचं आजोळ बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याला आहे. 'तिथं काय आहे बघायला?' असं म्हणून लगेच नाक मुरडू नका. सिरसाळ्यात राहून रोज सकाळी डबा बांधून निघायचं आणि रात्री आजीच्या हातची गरम भाकरी खायला परत यायचं, अशा निदान चार सहली सहज होतात. बॅग एकदाच उघडायची, लॉजचा खर्च नाही आणि सामान हरवायची भीतीही नाही.

आधी एक कागद घ्या. मधोमध टिंब काढा आणि तिथं लिहा 'सिरसाळा'. हे परळी तालुक्यातलं, परळी-बीड रस्त्यावरचं गाव. टिंबाच्या उजवीकडं परळी आणि डावीकडं तेलगाव लिहा. खाली, म्हणजे दक्षिणेला, एक वाकडीतिकडी जाड रेघ ओढा. हा बालाघाटचा डोंगर. वर उत्तरेला निळ्या पेन्सिलीनं गोदावरी काढा. झाला नकाशा! बीड जिल्ह्याचे हे दोन मजलेच आहेत म्हणा ना. वरचा मजला घाटावरचा. तिथं धारूर आणि अंबाजोगाई. खालचा मजला गंगथडीचा, म्हणजे गोदाकाठच्या काळ्या मातीचा. (आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.) तिथं माजलगाव आणि तुमचं सिरसाळा. वरच्या मजल्यावर जायचं तर मध्ये घाटाचा जिना चढावा लागतो, हे लक्षात ठेवा. नकाशात बोटभर दिसणारं अंतर एस.टी.ला तिथं जास्त वेळ घेतं.

म्हणून आपला नियम असा, की एका दिवसात एकच दिशा. परळी, अंबाजोगाई आणि धारूर एकाच दिवसात 'उरकणारे' पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांना आठवतात फक्त बसच्या खिडक्या!

निघायचं कधी? उन्हाळ्यात नको. मराठवाड्याचं ऊन म्हणजे चेष्टा नाही. गणपती झाल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. डोंगर हिरवा असतो आणि सीताफळं पिकायला लागलेली असतात. आणखीही एक कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातली हजारो माणसं ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला इथं 'एक कोयता' म्हणतात. असे कितीतरी कोयते ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते परत येतात उन्हाळ्याच्या तोंडाशी. पुष्कळदा मुलंही बरोबर जातात. वर्गातले काही बाक चार-सहा महिने रिकामे राहतात. या मुलांनी साखर कारखान्यांची कितीतरी गावं पाहिलेली असतात, पण घरापासून तासाभरावरचा धारूरचा किल्ला पाहायचा राहून जातो. तेव्हा शेजारच्या मित्राला बरोबर न्यायचं असेल, तर सहल दिवाळीआधीच काढा.

तिकिटांचा हिशेबही करू. एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट. आजी ७५ वर्षांच्या वर असतील तर त्यांना प्रवास मोफत, मात्र आधार कार्ड बरोबर हवं. म्हणजे आजी फुकट, आई अर्ध्यात, तुम्ही अर्ध्यात. पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं!

पहिल्या दिवशी जवळच जाऊ, परळीला. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. परळीचं वैजनाथ मंदिर तुमच्या आईबाबांना माहीत असेलच. रुंद दगडी पायऱ्या चढून वर गेलं की भक्कम, जुनं मंदिर दिसतं. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. इथं भाविकांना शिवलिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र मात्र टाळा, नाहीतर दिवस रांगेतच जाईल.

मंदिर पाहून लगेच परत फिरू नका. परळीत आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट आहे आणि ती लांबूनही दिसते. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या! इथला पहिला संच १९७१ साली सुरू झाला, तो होता ३० मेगावॅटचा. आजचे संच २५० मेगावॅटचे आहेत. आत जायला परवानगी लागते, पण रस्त्यावर उभं राहूनही विचार करता येतो. कोळसा रेल्वेनं येतो. तो जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेनं चक्र फिरतं आणि वीज तयार होते. म्हणजे कोळशाइतकंच पाणीही हवं. ते पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१५ च्या दुष्काळात तिथलं पाणी आटलं आणि कोळसा असूनसुद्धा अख्खं केंद्र बंद करावं लागलं. त्याच दुष्काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. परळीच्या चिमण्या पाहताना हे आठवा. एरवी बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच आपल्याला माहीत असतं.

दुसरी सहल अंबाजोगाईची. हिला पूर्ण दिवस द्या आणि पहिल्या गाडीनं निघा. परळीहून पुढं घाट चढला की पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. माझं मत विचाराल, तर चारही सहलींत ही सगळ्यात श्रीमंत. योगेश्वरीचं मंदिर गावात आहे. कोकणातली कितीतरी घराणी तिला कुलदेवता मानून इतक्या लांब येतात. तिथून जयंती नदीच्या काठी हत्तीखान्याला जा. नाव ऐकून खरे हत्ती शोधू नका. ही खडकात कोरलेली लेणी आहेत. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, मधे नंदीचा मंडप आहे आणि भोवती खांबांच्या ओसऱ्या. एवढा सगळा खडक वरून खाली कोरत नेला आहे. आधी खोदलं काय असेल आणि ठेवलं काय असेल, ते एकमेकांना विचारा. भांडण झालं तरी चालेल.

गावाबाहेर दरीच्या बाजूला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो. ज्ञानेश्वरी १२९० ची. आता तुम्हीच वजाबाकी करा! पुढं सोळाव्या शतकात याच गावात दासोपंत होऊन गेले. त्यांनी इतकं लिहिलं की कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी चक्क कापडावर लिहिलं. चाळीस हात लांब आणि चार हात रुंद अशी ती 'पासोडी' आहे. घरी आईची साडी पसरून बघा. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट. अशा तीन साड्या जोडल्या तरीही पासोडीच लांब भरेल.

अंबाजोगाईची एक गोष्ट मला फार आवडते. देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याचा खोलेश्वर नावाचा सेनापती होता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या लढाईत मारला गेला. मग खोलेश्वराच्या मुलीनं, लक्ष्मीनं, भावाच्या आठवणीसाठी इथं मंदिर बांधलं आणि तसा लेख कोरवून घेतला. त्यावर साल आहे शके ११६२, म्हणजे १२४०. राजांची नावं इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी असतात. पण भावासाठी मंदिर बांधणाऱ्या बहिणीचं नाव पावणेआठशे वर्षं टिकलं, ते या एका दगडामुळं. म्हणून जुन्या दगडांवर आपली नावं कोरणारा कोणी दिसला, तर त्याला ही लक्ष्मीची गोष्ट जरूर सांगा.

तिसरी सहल धारूरची. तेलगावला गाडी बदलायची आणि घाट चढायचा. खिडकीची जागा पकडा. धारूरचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार किश्वरखान यानं १५६७ च्या सुमारास बांधला. पण त्याला तो फार काळ लाभला नाही. दोनेक वर्षांतच अहमदनगरच्या निजामशहानं किल्ला घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये शाहजहानचा सेनापती आजमखान आला आणि किल्ला मोगलांकडं गेला. एवढी ओढाताण का? ते किल्ल्यात फिरताना आपोआप कळतं. तीन बाजूंना दरी आणि गावाच्या बाजूला खंदक. घाटाचा जिना ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात दोन्ही मजले! तट काही ठिकाणी ढासळला आहे, तेव्हा कडेला उभं राहून फोटोबिटो काढायचे नाहीत आणि आतल्या पाण्यात उतरायचं नाही. येताना धारूरच्या बाजारात सीताफळं घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चव तर त्याआधीपासूनच आहे.

चौथ्या दिवशी घाट नाही, सगळी सपाटी. तेलगावहून माजलगावला जायचं. तिथं सिंदफणा नदीवर १९८७ मध्ये पूर्ण झालेलं मातीचं धरण आहे. गंमत अशी की यात नुसतं सिंदफणेचं पाणी नसतं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा १३२ किलोमीटर धावत येऊन याच जलाशयाला मिळतो. वेळ उरला तर गोदाकाठचं पुरुषोत्तमपुरी पाहा. इथं यादव राजा रामचंद्र याचा १३१० सालचा ताम्रपट सापडला. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या अधिक महिन्यात मात्र तिथं यात्रा भरते, पाय ठेवायला जागा नसते.

बीडची खजाना विहीर राहिली की! ती पुढच्या खेपेला. तो रस्ता लांबचा आहे आणि आपला नियम ठरलेला आहे.

आता नकाशाच्या कागदामागं चार रकाने आखा. निघायची गाडी, बदलायची गाडी, परतीची शेवटची गाडी आणि पाण्याच्या बाटल्या किती. तिसरा रकाना आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन, कंट्रोलरकाकांना विचारून भरायचा. आणि हो, सुट्टे पैसे आजीकडून घ्या. कंडक्टरकाका खूश होतात.