चिंचोटीच्या पाड्यावर

वसई रोडला उतरायचे, रिक्षाने महामार्गावरचा चिंचोटी फाटा गाठायचा आणि डोंगराकडे चालू लागायचे. मुंबईची माणसे येथे धबधब्यासाठी येतात. माणसे बुडाली आहेत म्हणून पावसाळ्यात बहुधा बंदी असते. तेव्हा मुलेबाळे घेऊन येणाऱ्यांनी पाऊस सरल्यावरच यावे. आम्ही चार कुटुंबे तशीच गेलो. पाणी कमी, पण सावली भरपूर.

वाटेत आदिवासी पाडा लागतो. पाणी मागायला एका अंगणात थांबलो. आम्ही ओट्यावर बसलो, पण त्या घरची आजी काही केल्या बसेना. आमच्यातल्या एकाने रस्ता लिहून घ्यायला वही काढली, तशी ती मागे सरकली. नातू म्हणाला, "आजी कागदाला भिते. तिचा सासरा लग्नगडी होता."

हा शब्द आमच्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकला. जुन्या ठाणे जिल्ह्यात आदिवासी तरुण लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेई, अंगठा उठवी आणि फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबे. वही सावकाराची, हिशेबही त्याचाच. मग फिटणार कसे? नवऱ्यामागे बायको राबे, बापामागे मुलगा. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या सरकारी अहवालात या गुलामीची नोंद केली. १९४५ साली झरी गावच्या परिषदेनंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली वेठीविरुद्ध उठले. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठ बंद केली, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जेही रद्द ठरवली. तरी या वसई तालुक्यात १९८२ साली वेठबिगारांच्या सुटकेसाठी श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली!

आजीने स्वतः कधी एक पैसा कर्ज घेतलेला नाही. तरी बँकेत अंगठा द्यायचा तर नातू शेजारी लागतो. तो भिवंडीच्या गोदामात कामाला आहे. त्या दिवसाचा खाडा होतो, पण कुरकुरत नाही.

पुढे ओढ्याकाठी डबे सोडले. आमच्यातले सत्तरी उलटलेले काका जेवेनात. महारकीची वेठ आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली: सांगावे पोचवणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, मेलेली गुरे ओढणे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल मांडले; वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. हे आपण भाषणांतून ऐकतो. काकांनी घरातले सांगितले. रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली की त्यांचे वडील झोपेतून उठून काठी आणि घोंगडी शोधत. "तेव्हा आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. तिथे पाटील कुठून येणार हाक मारायला?"

काकांच्या मुलीने पंचेचाळिसाव्या वर्षी हे प्रथमच ऐकले. तिने विचारले, "मग तुम्ही त्यांना काय सांगायचात?"

"काही नाही. दिवा लावायचो, म्हणजे त्यांना खोली दिसायची."