रिकामे दोन दिवस

यंदा जुलैमध्ये आठ दिवस शिडाची बोट भाड्याने घेऊन मेनच्या किनाऱ्याने फिरायचं ठरलंय. म्हणजे माझं ठरलंय, बायकोचं ठरायचंय!

कारण गेला उन्हाळा. सकाळी दाट धुकं असूनही मी हट्टाने बोट बाहेर काढली. का, तर 'प्लॅनमध्ये आहे' म्हणून. दोन तास ती बोटीच्या पुढच्या टोकाला उभी राहून भोंगा वाजवत होती. बोलली काहीच नाही. तेच जास्त लागलं.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा हा किनारा म्हणजे खडक, बेटं आणि त्यांच्यामधल्या अरुंद वाटा. नैर्ऋत्येकडून येणारी दमट हवा इथल्या गार पाण्यावर आली की ऐन उन्हाळ्यात धुकं धरतं. भरती-ओहोटीत पाणी दहाएक फूट चढतं-उतरतं. सकाळी दिसलेला खडक दुपारी पाण्याखाली गेलेला असतो. शिवाय जिकडेतिकडे लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांचे रंगीत बोये. त्यांचा दोर बोटीच्या पंख्यात अडकला की बसा!

काल रात्री नकाशा पसरला. रॉकलंड, नॉर्थ हेवन, स्टोनिंग्टन, स्वान्स आयलंड अशा खुणा केल्या. मॉनहीगन बेट किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटर, उघड्या समुद्रात. फार मनात होतं. खोडलं. वहीत दोन दिवसांपुढे काहीच लिहिलं नाही.

"हे रिकामं का?" बायकोने विचारलं.

"धुक्यासाठी."

तिने पेन घेतलं आणि त्या जागेत लिहिलं : पत्ते, पुस्तकं, खिचडी.

म्हणजे येतेय बहुतेक!